बन्सीधररावांचा पहारा

माणसाला नाद लागायला वाईट संगत लागते, असा आपला समज असतो. बोरीच्या बन्सीधररावांना अलिशा वर्तक या नटीचा नाद लागला, तो मात्र कीर्तनाच्या संगतीनं.

बन्सीधरराव येलदरीच्या धरणावर कारकून होते. पाण्याच्या पातळ्या लिहून लिहून निवृत्त झाले आणि गावी येऊन दुपारच्या वेळी मोबाइलवर कीर्तन ऐकायला लागले. एका दुपारी सरजाबाईंनी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोपडून दिलं होतं. ते स्वतः जिरवत बसलेले. दोन्ही हात तेलाचे, मोबाइल खिडकीत. महाराजांचं कीर्तन संपलं आणि मोबाइलनं आपल्या मनानंच पुढचं लावलं. बघतात तर एक चमचमती बाई पायावर पाय टाकून मुलाखत द्यायला बसलेली. बंद करावं तर हात तेलाचे. न करावं तर सरजाबाई स्वयंपाकघरात. बन्सीधररावांनी धर्म म्हणून डोळे मिटले. कान मात्र मिटता येत नाहीत, ही देवाचीच करणी.

मुलाखत घेणारा हसत म्हणत होता, "तुम्ही आणि कीर्तन? लोक तर म्हणतात तुम्ही नुसत्या शोभेच्या!"

ती बाई शांतपणे म्हणाली, "लोक म्हणतात ते लोकांपाशी. कीर्तनात महाराज चाल लावतात, आणि मागचे टाळकरी पहिली ओळ उचलतात. ती उचल चुकली की पुढचं सगळं कीर्तन लंगडं होतं. माझ्या नाचाचंही तसंच आहे. हे मला आजोबांच्या मागं टाळ धरून कळलं."

बन्सीधररावांनी डोळे उघडले. अख्ख्या तालुक्यात चांगली उचल करणारे टाळकरी किती, तर स्वतःला धरून फार थोडे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आणि ही बाई उचलीवर बोलत होती!

"मग हे असले कपडे?" मुलाखतवाल्यानं शेवटचा दगड मारला.

"कामाचे कपडे आहेत. डॉक्टर कोट घालतो, मी चमक घालते. देव मला दोन्हीत ओळखतो."

त्या दिवसापासून बन्सीधरराव तिच्या बाजूचे झाले. सिनेमे त्यांनी पाहिले नाहीत. एक लावला होता, तो पहिल्याच गाण्याला गुडघ्याचं निमित्त करून बंद केला. पण पारावर कोणी तिचं नाव घेऊन डोळा मारला, की ते उभे राहत आणि उचलीचा मुद्दा समजावून सांगत. परिणाम इतकाच झाला, की ज्यांना आयुष्यभर गावानं 'धरणावरचे साहेब' म्हटलं, त्यांना शेंबडी पोरंसुद्धा 'अलिशाकाका' म्हणायला लागली.

"या वयात!" सरजाबाई एवढंच म्हणाल्या. त्या कमीच बोलत. पण त्यांचे दोन शब्द दिवसभर घरात फिरत राहत.

इथवर ठीक होतं. पण शेजारच्या किराणा दुकानातल्या भीमाशंकरअप्पांनी एक दिवस कपाळावरच्या भस्मावरून बोट फिरवत बातमी दिली. "राव, जिंतूरला आमचे साडू कापडाचं दुकान टाकायलेत. उद्घाटनाला कोन यायलंय, मालूम हाय का? तुमची अलिशाबाई! परभणीवरून गाडी येनार. म्हंजी आपल्याच फाट्यावरून!"

तारीख ऐकून बन्सीधररावांनी बोटांवर दिवस मोजले. त्याच आठवड्यात गावात सप्ताह. विठ्ठलाच्या मंदिरात अखंड नाम, रोज कीर्तन. आणि कीर्तन जाणणारी एवढी मोठी बाई फाट्यावरून काळ्या काचा लावून निघून जाणार? त्यांच्या मनात एक छोटी, साधी, निरुपद्रवी कल्पना आली. बाईंनी दोन मिनिटं उतरावं, देवाला हात जोडावेत, गावानं शाल-श्रीफळ द्यावं. बस्स. देवासमोर एका कलावंत बाईला कुणीतरी मान देऊन 'या' म्हणावं, एवढंच.

एवढंच म्हणून जगात जेवढ्या गोष्टी सुरू होतात, त्या सगळ्यांची एक यात्रा भरवली तर मैदान पुरणार नाही.

अप्पांच्या साडूनं होकार कळवला आणि बन्सीधरराव सप्ताह समितीच्या बैठकीत उभे राहिले. अध्यक्ष मुंजाजीबापू. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, आणि मत नेहमी काळंकुट्ट. 

"असलं बाईमानूस मंदिराच्या पायरीवर? सप्ताहात? बन्सीधरराव, डोकं ठिकान्यावर हाय ना?"

"बापू, ती टाळ धरलेली बाई आहे."

"काय काय धरलंय ते समद्यांनी मोबाइलात पायलंय." बैठक हसली.

"पाहिलंय ना? मग पाहणाऱ्यांनी सप्ताहात यायचं का नाही, तेही ठरवा," बन्सीधरराव म्हणाले. हसणं बसलं. पण बापू उठले. त्यांनी अट घातली: बाईनं अंगभर नेसून यावं, गावाची इज्जत राहावी, सप्ताहाच्या रिवाजाला केसाइतका धक्का लागता कामा नये. काही वावगं झालं, तर बन्सीधररावांना पुन्हा वीणेला हात लावता येणार नाही.

आता ही शिक्षा किती मोठी, ते सांगायला हवं. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. या पाळीलाच पहारा म्हणायचं. गळ्यात आहे तोवर उभं राहायचं आणि तोंडातून नामाशिवाय शब्द काढायचा नाही. देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. मंदिरात येणारा कोणीही असो, त्यानं आधी वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. बन्सीधररावांना धरणावर साहेबांनी, घरी सरजाबाईंनी आणि गावात पोरांनी कधी फारसं जुमानलं नव्हतं. वर्षातून एकदा, त्या पहाऱ्यापुरतं, त्यांच्यापुढं गाव वाकत असे. तेवढ्यावर पुढचं वर्ष निघायचं.

"कबूल," ते म्हणाले. "नऊवारी नेसून येतील, बघा तुम्ही!" हे शेवटचं वाक्य त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या मनानं, भाविकपणे ठोकून दिलं होतं.

मग परवानगी. पोलीस ठाण्यात जमादारसाहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "कार्यक्रम धार्मिक का मनोरंजनाचा?"

"धार्मिक."

"मग नटी कशाला?"

"ती दर्शनाला."

"म्हंजी गर्दी होनार. गर्दीचा अर्ज येगळा, भोंग्याचा येगळा. अन् लिहून द्या, नाच होनार न्हाई."

बन्सीधररावांनी लेखणी उचलली आणि थांबले. ते खोटं लिहिणारे नव्हते. "साहेब, कीर्तनात महाराज नाचतात, त्याचं काय?"

जमादारांनी अर्ज उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "किती नाचतेत?"

"तसं ते रंगण्यावर आहे."

"मग लिहा, 'महाराज सोडून कोनी नाचनार न्हाई.'"

ते लिहिलं. वरच्या साहेबांनी ते वाचून विचारलं, हे महाराज कोण, आणि त्यांना एकट्यालाच नाचायची परवानगी का मागता? अर्ज परत. त्या आठवड्यात बन्सीधरराव एस.टी.नं इतक्या वेळा गेले-आले, की वाहक त्यांना न विचारता तिकीट फाडू लागला. परवानगी हातात पडली तोवर गुडघ्यांना लावायचं तेल संपलं.

फ्लेक्सचं तर काय सांगावं. छापणाऱ्याला बजावलं होतं, की मधोमध विठ्ठल, खाली कीर्तनकार महाराज, कोपऱ्यात लहानसा बाईंचा फोटो. त्यानं धंद्याच्या हिशेबानं अलिशाबाई मधोमध घेतल्या, त्याही हवेत चुंबन सोडताना. आणि महाराज बाजूला हात जोडून उभे. ते चुंबन नेमकं महाराजांच्या दिशेनं जात होतं. फ्लेक्स लागल्या लागल्या शेजारच्या तानुबाईंनी शिडी मागवली आणि बाईंच्या खांद्यांवर स्वतःचं लुगडं टांगलं.

"बन्सीभौ, लेकराला थंडी वाजन," त्या खालून ओरडल्या, "म्हनून झाकलं!"

अप्पा दुकानाच्या पायरीवरून रोज सल्ला देत. शाल पिवळी नको, फोटोत उठत नाही. नारळ सोललेला नको, शेंडी हवी. "अन् राव, बायामानसाचं येवढं काय घेऊन बसलेत बापू? आमच्या लिंगायतात बघा, बाई असू का गडी, दोगांच्याबी गळ्यात लिंग. देव काय विचारतोय व्हय, कोन म्हनून?" बन्सीधररावांनी मान डोलावली. थकलेल्या माणसाला मान डोलावणं सगळ्यात सोपं पडतं.

शाल बाईला कोणी घालायची यावर तीन घरांत अबोला झाला, कारण प्रत्येकाची सून सुशिक्षित होती. सरजाबाईंचं नाव कोणी सुचवलं नाही. बन्सीधररावांच्याही डोक्यात आलं नाही.

मग तो दिवस उजाडला. सकाळी बापूंनी पहाऱ्याच्या पाळ्या वाचल्या, आणि एक चमत्कार झाला. गाडी यायच्या सुमारास ज्यांची ज्यांची पाळी होती, त्या सगळ्यांना एकाएकी अडचणी आल्या. एकाची दाढ ठणकू लागली, एकाची म्हैस विणार होती, एकाला मंगल कार्यालय बघायला जायचं होतं. सप्ताहभर 'असली बाई' म्हणणारे सगळे भाविक कोरे कपडे घालून, अत्तर लावून, दाढ धरून फाट्याकडं निघाले.

"तर मग बन्सीधरराव, तुमीच घ्या," बापू म्हणाले. त्यांच्याही कानात अत्तराचा फाया होता. "तासाभरात परमेश्वर येईल बदलीला. बाई मंदिरात येईलच की."

बन्सीधररावांना त्यात देवाची योजना दिसली. बाई आत येणार, आपण गळ्यात वीणा घालून उभे असणार. याहून चांगलं काय? त्यांनी वीणा घेतली आणि नाम सुरू केलं. "राम कृष्ण हरी... राम कृष्ण हरी..."

परमेश्वर हा मृदंग वाजवणारा, ताल सांभाळणारा माणूस. पण त्या दिवशी त्याचाही ताल सुटला. तास झाला, तो आला नाही. आणखी वेळ गेला. मंदिर हळूहळू ओस पडलं. टाळकरी लघवीला म्हणून उठले ते परतलेच नाहीत. पोथी वाचणारे आजोबासुद्धा खूण म्हणून तुळशीचं पान ठेवून, काठी टेकत निघून गेले. उरला विठ्ठल, आणि बन्सीधरराव. विठ्ठलाचे हात कमरेवर होते. बन्सीधररावांना तेवढीही मुभा नव्हती. गुडघे आधी दुखले, मग बधिर झाले, मग ते आहेत की नाहीत तेच कळेना.

आणि फाट्यावरचा भोंगा बोलायला लागला. आवाज मुंजाजीबापूंचा. "आज आपल्या गावाचं भाग्य! कला हीच पूजा! अलिशाताई म्हंजी आपल्या मराठी मातीची लेक! हे शाल-श्रीफळ मी स्वतःच्या हातानं..."

 शाल बन्सीधररावांनी पारखून आणलेली, पळापळ त्यांची, नाचक्की त्यांची. आणि लेक बापूंची! त्यांना ओरडावंसं वाटलं. ते ओरडलेही. पण जे बाहेर पडलं ते "राम कृष्ण हरी!" इतकं मोठ्यानं, की कळसावरची कबुतरं उडाली.

आता फाट्यावर खरं काय चाललं होतं, ते ऐका. गाड्या दोन होत्या. पहिल्या गाडीतून काळा चष्मा लावलेली, केस मोकळे सोडलेली एक बाई उतरली आणि गावानं तिला गराडा घातला. बापूंनी शाल घातली, नारळ दिला, भाषण ठोकलं. ती बिचारी अलिशाबाईंचे केस विंचरायला ठेवलेली बाई. तिनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण टाळ्या थांबेनात. दुसरी गाडी मागं, बाभळीखाली. गर्दीच्या कडेला सरजाबाई एकट्याच उभ्या होत्या. नवऱ्यानं ज्या बाईपायी गुडघे झिजवले, ती आहे तरी कशी, हे त्यांना एकदा पाहायचं होतं. त्यांच्याशेजारी गाडीची काच खाली झाली आणि आतून हळू आवाज आला, "काकू, जवळ कुठं बाथरूम आहे का हो? परभणीपासून थांबलेय."

सरजाबाईंनी आत पाहिलं. गावातल्या कुठल्याच गड्याला हा प्रश्न पडला नव्हता. समितीच्या बैठका झाल्या, अर्ज झाले, शालीचा रंग ठरला. पण प्रवासातनं येणाऱ्या बाईला काय लागतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चल माय," त्या म्हणाल्या, "मागल्या बोळानं घर हाय आमचं."

घरून निघताना पाहुणीनं देवळाची वाट विचारली. म्हणून बन्सीधररावांना मंदिराच्या मागच्या दारात आधी सरजाबाई दिसल्या, आणि त्यांच्यामागं, हातात उंच टाचेच्या चपला धरलेली, अलिशा वर्तक. नऊवारी नव्हती. अंगात चंदेरी खवल्यांचा, गुडघ्यापर्यंतचा झगा होता. येलदरीच्या पाण्यातून उन्हात मासा उसळावा तशी ती दारात लखलखली. बन्सीधररावांनी झटक्यात नजर छताला लावली. गावाला दिलेला शब्द आठवला. एकीकडं त्यांना वाटलं, निदान ओढणी तरी घ्यायची! आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं, की हे वाक्य तर मुंजाजीबापूंचं आहे, आपल्या डोक्यात कसं शिरलं? त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

ती पुढं आली, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "काका, काकू सांगत होत्या, तुमच्यामुळंच बोलावलं मला. खूप त्रास झाला ना तुम्हाला?"

किती दिवस जमवलेली वाक्यं होती! उचलीबद्दल, आजोबांबद्दल, कामाच्या कपड्यांबद्दल. "राम कृष्ण हरी," बन्सीधरराव म्हणाले.

"केव्हापासून उभे आहात?"

"राम कृष्ण हरी."

तिनं त्यांच्या थरथरणाऱ्या पायांकडं पाहिलं, रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं. "बदली आलाच नाही ना?"

"राम... कृष्ण... हरी..." यात त्यांनी परमेश्वराबद्दल जे काही भरलं होतं, ते देवानं माफ करावं.

बन्सीधरराव डोलायला लागले होते. वीणा टेकली तर सप्ताह मोडला, गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्यांनी ठरवलं. खवल्यांचा झगा असो, नखांना रंग असो. टाळ धरलेले हात आहेत. त्यांनी वीणेची दोरी मानेवरून सैल केली आणि ती तिच्यापुढं धरली.

ती दोन पावलं मागं सरली. "नको काका. मी पहाटेपासून गाडीत आहे. आंघोळ नाही, पारोशी आहे मी. पारोशानं वीणा घ्यायची नसते, आजोबा रागावायचे." आणि ती बाजूला वळली. "काकू, तुमची आंघोळ झालीय ना?"

सरजाबाई दचकल्या. "माझी? पहाटंच झाली. पन मी... आमच्यात बाया कवा..."

"कुठल्या नियमात आहे?"

सरजाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं नवऱ्याच्या पहाऱ्याआधी त्यांचं धोतर धुणारी, उपासाचं करणारी, गुडघे चोळणारी बाई. नाम तर त्यांच्या तोंडात भाकरी थापतानाही असे. बन्सीधररावांनी आठवून पाहिलं, नियम कुठं आहे. कुठंच नव्हता. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, एवढंच.

त्यांनी वीणा सरजाबाईंच्या गळ्यात घातली. सरजाबाईंनी डोळे मिटले, तार छेडली, आणि बारीक पण पक्क्या आवाजात नाम उचललं. उचल अशी झाली, की बन्सीधररावांच्या बधिर पायांतनं सरसरून मुंग्या आल्या. अलिशाबाईंनी बन्सीधररावांकडं पाहून भुवया उंचावल्या. जाणकारानं जाणकाराकडं पाहावं तशा.

सरजाबाई वाकून नवऱ्याच्या पाया पडल्या. मग रिवाजानं बन्सीधरराव वाकले, आणि गुडघ्यांनी तिथंच राजीनामा दिला. ते बायकोच्या पायावर डोकं ठेवून तसेच राहिले. नेमक्या त्याच वेळी, खरी अलिशा कोण आणि कुठं, हे कळलेलं सगळं गाव धावत, धापा टाकत, मोबाइल उंच धरून मंदिरात घुसलं.

"बाईच्या गळ्यात वीना?" मुंजाजीबापू ओरडले. "कोनी दिली?"

"राम कृष्ण हरी," सरजाबाई म्हणाल्या.

"आवो वहिनी, मी काय विचारायलो—"

"राम कृष्ण हरी."

"बापू," तानुबाई मागून म्हणाल्या, "आधी पाया पडा, मग बोला. रिवाज हाय ना? केसाइतका धक्का नको म्हन्ले होते."

शेकडो मोबाइल बापूंच्या मिशांवर रोखलेले. बापू वाकले. त्यांच्यामागं दाढवाला वाकला, म्हैसवाला वाकला, सगळे ओळीनं वाकले. परमेश्वर घामाघूम होऊन आला, "द्या वहिनी, माजी पाळी हाय," म्हणत त्यानं हात पुढं केले. सरजाबाईंनी डोळे न उघडता तोंड दुसरीकडं फिरवलं. त्यांच्या पहाऱ्याला आत्ताच तर सुरुवात झाली होती.

अलिशाबाई निघाल्या. जाताना बन्सीधररावांना म्हणाल्या, "काका, काहीतरी बोला की आता. आता तर सुटलात!" बन्सीधररावांनी तोंड उघडलं. एवढ्या वेळच्या सवयीनं त्यातून पुन्हा नामच बाहेर पडलं. त्या खळखळून हसल्या, हात जोडले आणि मागल्या बोळानं गेल्या.

संध्याकाळी समिती बसली. बापूंनी शब्दाप्रमाणं बन्सीधररावांचं नाव पहाऱ्यातून काढलं. पण बापूंनाही फार काही करता आलं नाही, कारण तोवर सरजाबाईंच्या मागं तानुबाई ओला पदर सावरत, "आता माजा लंबर," म्हणून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागं त्या तीन सुशिक्षित सुना, अबोला सोडून. सप्ताह संपेपर्यंतच्या सगळ्या पाळ्या भरल्या होत्या. बन्सीधररावांना काढलं नसतं, तरी त्यांना जागा उरली नव्हती.

ते मंदिराच्या खांबाला टेकून बसले. कितीतरी वर्षांनी सप्ताहात ते नुसते बसले होते. पोटात कावळे ओरडत होते. सरजाबाईंचा दुसरा पहारा सुरू झाला, तसं ते हळूच सरकत जवळ गेले, रिवाजानं पायावर डोकं ठेवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "अगं, घरी काही खायला आहे का?"

"राम कृष्ण हरी," सरजाबाई म्हणाल्या. आणि त्या सुरावरून बन्सीधररावांना नीट कळलं, की काही नाही.